माझ्या विमानासाठी सारवलेलं खळं

मैत्रिणींनो, आज माझं विमान उडालं!

रिमोटवर उडणारं, वर-खाली दुहेरी पंखांचं विमान मी वर्षभर बांधलं. पंख माझ्या उंचीपेक्षा लांब. पण उतरवायचं कुठं? ताडकळसच्या आमच्या काळ्या रानात भेगाच भेगा. चाक अडकलं की सगळं मोडणार.

सासूबाई म्हणाल्या, "खळं करू की."

मळणीयंत्र आल्यापासून आमच्याकडं धान्य मळायचं खळं झालंच नव्हतं. दोघींनी माती चोपली, शेणानं सारवली; फक्त गोल नाही, लांबलचक.

विमान वर गेलं, वळलं आणि खळ्यावर अलगद टेकलं. मी धावले.

"चपला काढ की आधी," सासूबाई ओरडल्या. "खळ्यात, राशीजवळ चपला घालून जातेत व्हय?"

मी अनवाणी जाऊन माझी विमानाची रास उचलली.

तुमच्या वेडासाठी घरातल्या कुणी असं खळं सारवलंय का?