नॉर्मल म्हणजे गुण्यात

बाळांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, रिपोर्ट नॉर्मल ना?" मी हो म्हटलं, आणि मला जोहे गावचे आखणीवाले आठवले.

आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रंगवणं. हे गृहस्थ पेणला आमच्याकडे इंग्रजी कागद वाचून घ्यायला येत. खुर्चीवर कधी बसले नाहीत. उंबऱ्याशी उकिडवे बसत आणि बोलण्याआधी नखावरचा वाळलेला रंग खरवडत.

एका वर्षी गणपतीला महिना उरला असताना ते स्वतःचाच रिपोर्ट घेऊन आले. उजवा हात कापत होता.

"सगळं नॉर्मल आहे," मी वाचून सांगितलं.

"म्हंजे कसा, बाय?"

त्यांना धीर यावा म्हणून मी शब्दाचं मूळ सांगितलं. लॅटिनमध्ये नॉर्मा म्हणजे सुताराचा काटकोनी गुण्या. त्याला लावून जे सरळ उतरतं, ते नॉर्मल.

त्यांनी खिशातला कुंचला काढला, मी दिलेल्या कपातल्या उरल्या चहात बुडवला आणि रिपोर्टच्या पाठीवर एक डोळा काढला. खालची पापणी वाकडीतिकडी गेली.

"कागद गुण्यात हाय, बाय. हात नाय." कुंचला धोतराला पुसत ते उठले. "सुनेला सांगतो, यंदाचे डोले तूच काढ गो."

रिपोर्ट न घेताच ते गेले. पुन्हा आले नाहीत.

माझाही रिपोर्ट नॉर्मलच आहे, पण उचलताना कप बशीवर वाजतो. त्यांचा कागद मी शब्दकोशात ठेवला आहे. चहाची रेघ फिकटली, डोळा अजून दिसतो.