मानेतली जाळी

आमच्या मोहल्ल्यातल्या सोनोग्राफी सेंटरच्या डॉक्टरीणबाई मूळच्या अमरावतीकडच्या. मुतखड्यापायी मी त्यांच्याकडे कितीदा तरी गेले. पोटावर यंत्र फिरायचं तसं त्यांचं तोंडही चालायचं. "काकू, काल गोल बाजारात गेलती, पितळेचा डबा आणला, तर नवरा चिडून राहिला," असं ऐकता ऐकता तपासणी उरकायची.

या वेळी रक्तात कॅल्शियम फार निघालं, म्हणून मान तपासायची होती. बाई नेहमीसारख्या बोलत होत्या आणि वाक्याच्या मधेच थांबल्या. पडद्यावर थायरॉइडमागे एक काळी गाठ दिसत होती. त्यांनी बटण दाबलं तशी तिच्याभोवती लाल-निळ्या रेघांची जाळी उमटली.

"हे काय हो?"

"पॅराथायरॉइडची गाठ आहे, काकू. रक्तातलं कॅल्शियम हीच ग्रंथी वाढवते. या रक्ताच्या नसा. वाढायसाठी तिनं नव्या करून घेतल्या."

माझ्याच गळ्यात, माझ्याच रक्तावर काहीतरी पोसलं जात होतं आणि मला पत्ताही नव्हता.

"कॅन्सर आहे का?"

"बहुतेक नसते. पण काढल्याशिवाय नक्की सांगता येत नाही." मग त्यांनी हळूच विचारलं, "संगं कोणी आलं का?"

"एकटीच आले. मुलगा सिलतऱ्याला कारखान्यात ड्यूटीवर आहे."

त्यांनी बाहेरच्या पेशंटना थांबवलं, स्वतःच्या फोनवरून माझ्या मुलाला बोलावलं आणि दार लावून माझ्याजवळ स्टुलावर बसल्या. माझ्या मानेवरचं जेल त्यांनी स्वतः पुसलं.

"काहीतरी बोला ना," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात घट्ट धरला. मुलगा येईपर्यंत त्यांना एक शब्द सुचला नाही.