मिशा शेवटी

मामांना भरघोस मिशा होत्या, आणि मिशांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकोणीसशे नव्वदच्या आसपास, आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात ते प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई होते; सगळे त्यांना मामाच म्हणायचे. बाटल्यांतल्या प्राण्यांचे मालकच म्हणा. कोणतीही मासळी समोर आली की म्हणायचे, "पोरी, आदी शेपटी पाह्य, मग पर, मग खवले. मिशा शेवटी."

सोळा नंबरच्या बाटलीत बोटाएवढं पिल्लू होतं, हनुवटीला दोन मिशा. आमच्याकडे समुद्र पाहिलाय कुणी? मिशा म्हणजे मांगूर, तळ्यात मिळतो तोच. सगळे 'कॅटफिश' लिहायचे नि मार्क घ्यायचे. मी विचारायची, "मामा, खरं काय हाय?" तर ते बाटली पुसायला लागत. "सांगणारा मी कोण? तू पाह्य." माहीत असून न सांगणारा माणूस मला खपत नाही. मला त्यांचा भारी राग यायचा.

शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलला नेमका सोळा नंबर आला. मी आधी एकदा नापास झाले होते. यंदा गेलं तर कॉलेज बंद, असं बाबांनी बजावलं होतं. मामांच्या क्रमानं पाहिलं. शेपटीची खालची पाकळी वरचीपेक्षा लांब. छातीचे पर पार मागं पोचलेले, त्यांवर पट्टे. अंगावर खवले, आणि मांगुराला तर खवलेच नसतात. मग आठवलं, उडत्या माशांच्या काही जातींत पिल्लांना मिशा असतात, मोठेपणी गळतात. लिहिलं, 'उडता मासा, पिल्लू.'

हैदराबादेहून आलेल्या परीक्षकांनी उत्तरांचं रजिस्टर पाहिलं आणि फुली मारली. "रजिस्टर में कॅटफिश है."

"साब, रजिस्टर गलत है," मागून मामा म्हणाले. "मैंने ही लिखा."

बाटलीवरची जुनी चिठ्ठी गळून पडली तेव्हा मिशा पाहून त्यांनीच रजिस्टरात कॅटफिश लिहिलं होतं, आणि तेव्हाच्या सरांनी न बघता दस्तखत ठोकली होती. मामांची नोकरी कच्ची. परीक्षकांनी चिमट्यानं पर उलगडला, भिंगातून खवले पाहिले आणि माझी फुली खोडली. मामांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

बाहेर मी पाया पडायला वाकले, तर ते मागं सरकले. "माह्या काऊन पाया पडतं? दोन सालाआदी माह्या पोरीनं, सुशीनं, हेच लिवलं होतं. माह्याच रजिस्टरानं नापास झाली, कॉलेज सुटलं तिचं. तवा शेपटी पाह्यली मी. नोकरीच्या भेवानं बोललो नाही. मावल्याले, माह्या गावाले जाय, तिले सांग. माह्या तोंडातून निघत नाही."

सुशी दारात विड्या वळत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं विडीला दोरा गुंडाळला.

"तुले मार्क भेटले?"

"हो."

"मग माहे?"