कोळ्याने बर्फ नाकारला

दामाजी नाखवाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चेंदणी कोळीवाड्यातून निघून सहाला तो डोंबिवलीतल्या एका लसकारखान्याच्या शीतगृहात हजर असे. तिथे यीस्टकडून काविळीच्या विषाणूचं फक्त वरचं प्रथिन बनवून घेत. त्याचे आपोआप बारीक कण जमत, बाहेरून विषाणूसारखे, आतून पोकळ. त्यांच्याशी झुंजून शरीर खऱ्या विषाणूसाठी तयार होई.

अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये शीतयंत्र बंद पडलं. सुपरवायझर परचुरे ओरडले, "फ्रीझरचा बर्फ थेट खोक्यांवर ओत! कोळी ना रे तू?"

"मासळीवर ओततो, साहेब. लस गोठली की वाया जाते. मध्ये पुठ्ठा पाहिजे."

"मला शिकवतोस, टोपलीवाल्या? ओत, नाहीतर घरी जा!"

"तुम्ही आधीच शिकला असतात तर माझ्यावर शिकवायची वेळ आली नसती."

चारशे खोक्यांना त्याने एकट्याने पुठ्ठा लावला, मगच बर्फ रचला. दुपारपर्यंत बोटं बधिर झाली. लस वाचली. परचुऱ्यांनी उद्धटपणाचा ठपका ठेवून त्याला काढलं. माफीनामा दिलास तर परत घेऊ म्हणाले; त्यावर त्याने सही केली नाही.

कामगारांच्या मुलांना कारखाना ती लस देत नसे. शेवटच्या पगारातून दामाजीने नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे लेकीच्या, जनीच्या, तिन्ही डोसांची पूर्ण किंमत भरली.