एक इंच जास्त

सासूबाईंनी रविवारच्या गाडीनं गावी जायचं ठरवलं, ते बाथरूमच्या काचेमुळे.

शहरात पर्वत पाटिया भागात फ्लॅट घेतला तेव्हा शॉवरपुढची ती उभी काच मी हौसेनं, ब्लाउज शिवून मिळालेल्या पैशांतून लावली होती. एके दिवशी आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हातातली भरलेली बादली काचेच्या कडेला लागली आणि क्षणात जमिनीवर साबुदाणा सांडावा तसा चुरा पसरला. आईंना खरचटलंही नाही. पण मी आधी काचेकडे बघितलं आणि म्हणाले, "आई, जराशी देखीसन!"

जरा बघून, एवढंच म्हणाले. पण माझ्या जिभेला धार आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवसापासून आई स्वयंपाकघरामागं कपडे धुतो तिथं आंघोळ करू लागल्या. मग पिशवी भरली. "माले गावच बरं. आठे फ्लॅटमा काही ना काही फुटस."

काच बसवणारा दहा दिवसांनी येतो म्हणाला. नवरा इच्छापोरच्या कारखान्यात, आणि कुणाची वाट बघणं माझ्या रक्तात नाही. शिलाई मशीनवरची टेप घेतली, माप काढलं, चिठ्ठी लिहून दुकानात दिली. रविवारच्या आत काच उभी करायची, मग आई कशाला जातील?

काच आली. दोघींनी उचलून लावली, तर बसेना. रुंदीला एक इंच जास्त! दुकानदाराला फोन केला. तो थंडपणे म्हणाला, "बेन, टफन काच पछी कपाय नहीं." म्हणजे ही कडक केलेली काच एकदा बनली की पुन्हा कापता येत नाही.

काचेबरोबर परत आलेली माझी चिठ्ठी पुन्हा वाचली आणि चूक कळली. सवयीनं मी दोन्ही बाजूंना शिवणीसाठी अर्धा-अर्धा इंच सोडला होता.

"काय व्हयनं?" आईंनी विचारलं. सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मग हसू आवरेचना. "काच काय बिलाऊज शे का, माय? मी एक फोडी, तू एक बिघाडी!" त्या आठवड्यात त्या पहिल्यांदाच हसत होत्या. मला राग यायला हवा होता, पण फार बरं वाटलं.

दुसरी काच शनिवारी आली. या वेळी माप आईंसमोर तीनदा घेतलं होतं. काच जिच्यात बसते त्या पट्टीच्या खाचेतला जुना चुरा झाडला, रबर बसवलं, काच उभी केली. "मी धरस, तू कर," आई म्हणाल्या. लूमच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बॉबिनवर सूत भरलेले ते हात जरासुद्धा हलले नाहीत. मी सावकाश सिलिकॉन भरलं.

रविवारी सकाळी पिशवी दाराशी होती. त्यांनी जायला नको होतं, आणि ते सांगायला माझी धारदार जीभ वळत नव्हती. शेवटी म्हणाले, "आई, त्या दिवशी मी चुकले. सिलिकॉन वाळायला हवं, काच उद्यापर्यंत भिजवायची नाही. पहिली आंघोळ तुमची. तोवर मी कुणालाच आत जाऊ देणार नाही."

त्यांनी पिशवीकडे बघितलं. "मंग उद्या देखू."

सोमवारी त्यांनी निवांत आंघोळ केली. बाहेर आल्या तेव्हा ओलं लुगडं काचेवर टाकलेलं होतं. काचेवर कपडे टाकू नका, डाग पडतात, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. मी आत गेले आणि लुगड्याचं दुसरं टोक ओढून नीट पसरून दिलं.