पाण्यातली टेकडी

सुदुंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात काम करणारी रेणुका दर रविवारी नवऱ्याबरोबर, प्रज्ञेशबरोबर, डोंगरात पळायला जायची. पवना धरणात चहूबाजूंनी पाणी असलेली झाडीची एक टेकडी दोघांची आवडती होती. होडीनं तिथं जायचं आणि माथ्यापर्यंत पळायचं. गेल्या उन्हाळ्यात रेणुका तापानं घरी राहिली, प्रज्ञेश एकटाच गेला. वाटेत आग्या मोहोळ उठलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

जो तो तिला सांगे, शेवटी त्याच्या तोंडी तुझंच नाव होतं. पण सांगणाऱ्यांपैकी तिथं कुणीच नव्हतं.

दिवाळीनंतर ती पुन्हा गेली. प्रज्ञेशला होडीतून आणणाऱ्या महिपती आबांना तिनं विचारलं, "आबा, तो काय म्हणाला?"

आबांनी वल्हं थांबवलं. "पाणी मागितलं, पोरी. म्या ओंजळीनं पाजलं. मंग बोललाच न्हाई."

"माझं नाव?"

"न्हाई."

रेणुकाला रडू फुटलं. निदान पाणी तरी मिळालं होतं.

ती टेकडी चढली, पण तिला पळवेना. माथ्यावर थोडा वेळ बसून ती उतरली. त्यानंतर ती कुठल्याच डोंगरावर गेली नाही.