काजूबीचं जीवनचक्र

विद्यापीठाने जीवनचक्र मूल्यमापन हा विषय आमच्या अंगावर सोडला तो एका परिपत्रकातून. पर्यावरणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला तो यंदापासून सक्तीचा, आणि शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी तीन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण घ्यावं, असा त्यात हुकूम होता. कणकवलीच्या आमच्या कॉलेजात पर्यावरणशास्त्राचा प्राध्यापक मी एकटाच, त्यामुळे कुणाला पाठवायचं यावर वाद झाला नाही. पहिल्या दिवशी लाइट गेली, दुसऱ्या दिवशी नेट गेलं, आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही परत आलं तेव्हा समारोपाचं भाषण चालू होतं. प्रमाणपत्र मात्र मला वेळेवर मिळालं. ते मी फ्रेम करून विभागात लावलं.

विषय तसा सोपा आहे. कुठलीही वस्तू घ्यायची. ती तयार होण्यापासून ती फेकून देईपर्यंत तिच्यापायी किती डिझेल जळलं, किती खत पडलं, किती पाणी उपसलं, किती धूर झाला, त्या सगळ्याची बेरीज करायची. हा झाला वरचा आकडा. एवढ्या खटाटोपातून माल किती निघाला, तो खालचा आकडा. वरच्याला खालच्याने भागलं की एका किलोमागे पृथ्वीला किती त्रास झाला ते कळतं. भागाकार चौथीतला आहे. पण त्याला चौथीतला म्हटलं तर सक्तीचा विषय होत नाही, म्हणून पुस्तक साडेचारशे पानांचं.

पुस्तकात उदाहरण होतं कॉफीच्या यंत्रात घालायच्या ॲल्युमिनियमच्या कुपीचं. वर्गातल्या कुणीही ती कुपी पाहिलेली नव्हती. मीही नव्हती पाहिली, पण प्राध्यापक असल्यामुळे मी ती फळ्यावर काढून दाखवली. पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, ही पणती का?" त्या दिवशी मी ठरवलं की प्रकल्पाला प्रत्येकाने आपल्या घरची, आपल्या डोळ्यांपुढची वस्तू घ्यावी. तारकर्लीच्या एकाने पर्यटकांना डॉल्फिन दाखवायची होडीची फेरी घेतली, कुणी सोलकढी घेतली. एका मुलीने घेतली एक किलो काजूबी.

ही मुलगी नांदगावजवळच्या माझ्याच गावची. तिची आई हंगामात आमच्या बागेत काजी पुंजावायला येते, म्हणजे पडलेली बोंडं गोळा करून त्यांची बी पिळून काढायला. मुलीला पुढे एमएस्सी करायचं होतं. घरात तिच्या शिक्षणावर फार कुणाचा विश्वास नव्हता. या वर्षी पास झाली तर ठीक, नाहीतर जूनपासून आईबरोबर काजूच्या कारखान्यात बी फोडायला बसायचं, असं घरी ठरलेलं होतं, आणि हे तिने मला रजेचा अर्ज द्यावा इतक्या सरळ आवाजात सांगितलं होतं. लेखी पेपर तिला अवघड नव्हते. सगळं अडलं होतं प्रकल्पावर, कारण त्यात नापास म्हणजे वर्ष नापास.

तिने अकरा बागा निवडल्या. मी तिला निघताना तीन नियम दिले. लोक सांगतील तेच लिहायचं. आपलं मत घालायचं नाही. आणि फॉर्मवर नाव नाही, फक्त क्रमांक, आणि कुठला क्रमांक कुणाचा ते मेलं तरी सांगायचं नाही. संशोधनातली नीतिमत्ता या विषयावर मी त्या दिवशी दीड तास बोललो. मला स्वतःला ते भाषण फार आवडलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे पीक किती झालं असं कुणाला विचारत नाहीत, आणि विचारलंच तर खरं सांगत नाहीत. याला आम्ही खोटं बोलणं समजत नाही. खरा आकडा तोंडातून गेला तर दृष्ट लागते. दृष्ट नाही लागली तर मुंबईच्या चुलतभावाला कळतं, आणि सातबारा सामायिक असतो. चुलतभावाला नाही कळलं तर तलाठ्याला कळतं, आणि अवकाळी पावसाचा पंचनामा अजून व्हायचा असतो. त्यामुळे बागेत पाय ठेवायला जागा नसेल इतकं पीक पडलं तरी मालकाचा चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा ठेवायचा. "यंदा झकास झालं" असं म्हणणारा बागाईतदार मी हयातीत पाहिलेला नाही. पाहिला असता तर ताप आहे का म्हणून त्याच्या कपाळाला हात लावून बघितला असता.

खर्चाचं मात्र उलट. तिथे आम्ही अत्यंत मोकळ्या मनाचे आहोत. तिने येऊन सांगितलेल्या गमती मला अजून आठवतात. एकाला तिने फवारण्या किती केल्या विचारलं, तर तो म्हणाला, "चार केलंय. तू पाच लिही. पाचवी करूची होती." उत्पादन विचारल्यावर तोच म्हणाला, "यंदा काय्येक नाय गो. मोहर इलो तेवढो जळान गेलो." तिने खळ्यात वाळत पडलेल्या बियांकडे बोट दाखवलं. त्याने तिकडे वळूनही बघितलं नाही. "ता गेल्या वर्षाचा," म्हणाला. तिने नियमाप्रमाणे लिहून घेतलं. मी पोट धरून हसलो.

एप्रिल संपता संपता, एका रविवारी, ती माझ्याकडे फॉर्म घेऊन आली. मी गावच्या घरी पडवीत बसलो होतो. मागे निळ्या ताडपत्रीखाली यंदाच्या गोणी होत्या, आणि त्यांतल्याच एकीला मी पाठ टेकली होती. तिची आई कोपऱ्यात दाभण आणि सुतळी घेऊन भरलेल्या गोणींची तोंडं शिवत होती. गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, माझा शेजारी, जो आमच्या कॉलेजात शिपाई आहे, खराट्याने वाळक्या पानांचा पातेरा ओढत होता.

मी माहिती कशी द्यावी याचा आदर्श घालून द्यायचं ठरवलं. क्षेत्र तीन एकर, झाडं कलमी, फवारण्या पाच, शेणखत एक ट्रॉली, पंप रोज अमुक तास, सगळं एककांसकट सांगितलं. ती भराभर लिहीत होती.

"आणि उत्पादन, सर?"

गडग्यापलीकडचा खराटा थांबला. मी ठरवून काही केलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. माझा चेहरा आपोआप पडला, आवाज खाली गेला, आणि जी भाषा मी विद्यार्थ्यांशी कधी बोलत नाही ती तोंडातून आली. "यंदा काय्येक नाय गो. दोन गोणयो मिळाल्यो तर मिळाल्यो."

तिच्या आईचा दाभण थांबला नाही, तिने मान वर केली नाही. मुलीने लिहिलं, दोन. बाग क्रमांक सात. खराटा पुन्हा सुरू झाला. मी दोघींना चहा प्यायला लावला आणि माझ्या मनाला काहीही लागलं नाही.

मे महिन्यात आम्ही प्रयोगशाळेतल्या संगणकावर आकडे भरले. पडद्यावर खांब उभे राहिले. आफ्रिकेतून जहाजाने येणाऱ्या काजूबीचा खांब बोटभर, आणि आमचा कणकवली तालुक्याचा खांब तक्त्याच्या बाहेर. हिशोबाप्रमाणे आमच्या बागेतली एक किलो बी म्हणजे पृथ्वीवरचं एक संकट होतं. मी हरखून गेलो. लगेच तिला निष्कर्ष सांगायला बसलो: अल्पभूधारणा, जांभ्या जमिनीची धारणक्षमता, बदलतं हवामान. प्राचार्य बघून गेले, म्हणाले, निष्कर्ष धक्कादायक आहे, पेपरात देऊ.

ती माझं सांगून होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "सर, खालचा आकडा बरोबर वाटत नाही."

"कशावरून?"

"लोक कमी सांगतात."

"ते तुझं मत झालं," मी म्हणालो. "मुलाखतीत जे मिळालं तेच धरायचं. संशोधन म्हणजे गावगप्पा नव्हेत."

माझ्या आवाजाला धार होती. तिने मान हलवली आणि निष्कर्ष लिहून घेतला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक घाटावरचे, ऊसपट्ट्यातले. तिकडचा माणूस एकरी किती टन काढले ते न विचारता सांगतो, आणि जास्तच झाले तर चौकात फलक लावतो. आमची रीत त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. प्राचार्यांच्या खोलीत टेबलापलीकडे ते, शेजारी प्राचार्य, अलीकडे ती मुलगी, आणि तिच्यापासून दोन हातांवर मी. परीक्षकांनी तक्ते दोनदा चाळले आणि फाइल मिटली.

"ही माहिती तू घरी बसून भरली आहेस."

"नाही सर. मी गेले होते."

"अकराच्या अकरा बागांत?"

"हो सर."

त्यांनी फाइल पुन्हा उघडली. "हे बघ. बाग क्रमांक सात. तीन एकर कलमी झाडं, पाच फवारण्या, ट्रॉलीभर शेणखत, पंपाचं पाणी. आणि माल दोन गोणी. एवढं करून दोन गोणी काढणारा माणूस शुद्धीवर असेल का? कुणाची आहे ही बाग?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"नाव सांग, मी आत्ता फोन लावतो."

"नाव सांगता येत नाही, सर. तसा नियम आहे."

"मग मला बनावट माहिती असा शेरा मारावा लागेल," ते म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, मला निदान तिचा राग तरी आला असता. ती टेबलावरच्या काचेकडे बघत होती आणि तिच्या हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली होती. माझ्या डोळ्यांपुढे जून महिना आला, कारखान्यातली ती लांब ओळ, आणि बी फोडून काळी पडलेली बोटं. आणि नेमका त्याच वेळी शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत आला. माझा शेजारी. आता मी जे बोलेन ते चार वाजायच्या आत आमच्या वाडीत पोचणार, आणि रात्रीपर्यंत मुंबईत. मला लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती, आणि खरं सांगायचं तर बराच वेळ भीतीच जास्त होती.

"सात नंबरची बाग माझी," मी म्हणालो. "आकडा खोटा आहे. मीच तो तिला सांगितला. चौदा गोणी झाल्या."

ट्रेमधल्या कपबश्या वाजल्या. प्राचार्य खिडकीबाहेर बघायला लागले, त्यांचीही आंब्याची बाग आहे.

"मग दोन का सांगितल्या?" परीक्षकांनी विचारलं.

साडेचारशे पानांच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. "आमच्याकडे असंच सांगतात," मी म्हणालो.

"आणि बाकीच्या दहा बागा?"

त्यावर मी काही बोलायच्या आत मुलीने पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. "माझ्याकडे दुसरा तक्ता आहे," ती म्हणाली. प्रत्येक बागेत काजी पुंजावणाऱ्या आणि गोणी शिवणाऱ्या बायका तिच्या आईच्या ओळखीच्या होत्या. मालकाने काहीही सांगितलं तरी आपण किती तोंडं शिवली ते बाईला पाठ असतं. तिने त्या सगळ्यांना विचारून अकराही बागांचा खालचा आकडा नव्याने मांडला होता, आणि भागाकारही पुरा केला होता. आमचा खांब आफ्रिकेच्या खांबापेक्षा बुटका निघाला होता.

"हा प्रकल्पाला का नाही जोडलास?"

"मुलाखतीतलंच धरायचं असं शिकवलं होतं."

कुणी शिकवलं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. पेन हातात होतंच. गुण त्यांनी हाताने झाकून लिहिले, पण पहिला आकडा आठ होता, तो मी बघितला. मला एकदम मोकळं वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला. एवढ्या सगळ्यांसमोर, शिपायासमोर, आपण खरं बोललो. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं असेल असं वाटून मी खुर्चीत जरा ताठ बसलो आणि चहाचा कप उचलला.

"एक राहिलं," परीक्षक वही परत देता देता थांबले. त्यांचं बोट सातव्या ओळीवर होतं. "सर चौदा म्हणाले. इथे सोळा आहे."

मुलीने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आईने सोळा शिवल्यात, सर," ती म्हणाली.

मी मनातल्या मनात ताडपत्री उचलली आणि मोजलं. चार-चार गोणींचे चार थर.

"सोळा बरोबर आहे," मी म्हणालो.